खापरपणजोबा सापडले, त्यांच्या मुली कुठे गेल्या?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला 'आपला इतिहास' असा विषय दिला होता. तो मला पेलणारा नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, इतिहास शिकलेलो नाही. म्हणून मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. माझ्या परदादांचे वडील, मराठीत ज्यांना खापरपणजोबा म्हणतात ते. एकोणिसाव्या शतकात सातारा जिल्ह्याच्या माण-खटाव भागातल्या एका कोरडवाहू गावात ते मुलाणी होते. गेली काही वर्षे सुट्टी मिळाली की मी त्यांना आणि त्यांच्या घरच्या माणसांना जुन्या कागदांत शोधतो आहे. गावाचे आणि माणसांची नावे घेणार नाही. ज्या जमिनीबद्दल बोलायचे आहे तिचे वारस हयात आहेत, आणि त्यांतले एकजण सध्या आमच्याशी बोलत नाहीत. का, ते पुढे येईल.

आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. आपले पूर्वज घोडेस्वार होते, विजापूरच्या फौजेबरोबर इकडे आले, लढाईत नाव काढले म्हणून बादशहाने जमीन इनाम दिली. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरात अशी गोष्ट आहे? अरबस्तानातून आलेले, इराणातून आलेले, कुणा मोठ्या पीराच्या वंशातले? बघा, निम्म्याहून जास्त हात वर झाले. एवढे घोडेस्वार आले असतील तर त्या काळी गावात बकरी कोण कापत होते, कापूस कोण पिंजत होते आणि पानाची टोपली घेऊन बाजाराला कोण जात होते, हा प्रश्न उरतोच.

मी या गोष्टीचा कागद शोधायला निघालो. घोडा काही सापडला नाही. सापडली ती मुलाणकी.

मुलाणी म्हणजे काय हे शहरात वाढलेल्यांना सांगायला हवे. त्र्यंबक नारायण आत्र्यांचे 'गाव-गाडा' हे १९१५ सालचे पुस्तक मिळाले तर जरूर वाचा. बलुतेदारी कशी चालत होती ते त्यात बारकाईने दिले आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांच्यासारखाच मुलाणी हाही गावाच्या चाकरीतला माणूस. मशिदीत दिवा लावायचा, काझी कसब्यात राहायचा म्हणून गावातले निकाह-जनाजे बघायचे, मोहरमचे ताबूत सांभाळायचे, आणि गावाच्या जत्रेत देवीपुढचे बकरे कापायचे. बकरे पाटलाचे, देवी गावाची, सुरी मुलाण्याची. त्याबद्दल सुगीला खळ्यावर बलुते मिळायचे आणि कसायला थोडी इनाम जमीन असायची. आमची 'बादशाही' जमीन म्हणजे ही चाकरीची जमीन.

हे कळल्यावर घरातल्या दोन-तीन थोरांचा चेहरा पडला. मला मात्र बरे वाटले. घोडेस्वार कुणाच्याही गोष्टीत बसतो, या मुलाण्याला त्याच गावात जागा होती. खळ्यावरच्या धान्यात त्याचा वाटा होता आणि तो वाटा सारे गाव मान्य करत होते.

आता हे शोधायचे कसे, ते सांगतो, कारण तुमच्यापैकी काहीजणांनी तरी हे करावे अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात जुन्या माणसापासून करू नका, स्वतःपासून करा आणि एकेक पायरी मागे जा. वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबांच्या शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर. मग सातबारा आणि त्यावर लिहिलेले फेरफार क्रमांक. फेरफार म्हणजे जमिनीवरच्या नावात बदल कधी व का झाला याची नोंद, गाव नमुना सहा. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला, म्हणजे फेरफारांची साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपाशी संपते. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आता स्कॅन होऊन सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर आले आहेत. बाकीचे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून बघायला मिळतात. तिथेच जन्म-मृत्यूची नोंद असते, गाव नमुना चौदा. जुने लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्याच्याही मागे जायचे तर इनामांची आणि वतनांची पत्रके, आणि पुण्याच्या पुरालेखागारातले रुमालात बांधलेले दप्तर.

तिथे पोचलात की दोन अडचणी येतात. पहिली मोडी लिपी. ती शिकता येते. पुराभिलेख विभागाचे वर्ग असतात, सराव केला तर काही महिन्यांत अक्षर लागते. दुसरी अडचण तारखेची. मराठेशाहीच्या कागदांत सुहूर सन असतो, आणि तो अरबी संख्यानामांत लिहिलेला असतो. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, इथे १७७२-७३. मदरशात अरबी आकडे पाठ केलेल्या मुलाला मराठ्यांच्या कागदाची तारीख चटकन लागते, ही मला फार गमतीची गोष्ट वाटते. त्याच कागदांत मराठा पाटलाच्या नावापुढे 'बिन' लिहून बापाचे नाव दिलेले असते आणि आमच्या नावापुढे 'वलद'. दोन्ही शब्द अरबी, दोन्हींचा अर्थ मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम' आणि नवऱ्याचे नाव. हे आपले आणि ते त्यांचे अशी वाटणी करायला बसलात तर हे कागद तुम्हाला ती करू देत नाहीत.

आणखी एक सांगतो. एकच माणूस चार कागदांत चार प्रकारे लिहिलेला असतो. इमामचा इमाम्या होतो, हुसेनचा हुसन्या होतो. गावात एकाच नावाचे दोघे असतात. त्यामुळे नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे धरू नका. नाव, बापाचे नाव, जमिनीचा सर्व्हे नंबर आणि शेजारचे खातेदार, एवढे जुळले तरच पुढे जा. मी एक साधा तक्ता केला आहे. प्रत्येक ओळीत एक विधान, त्यापुढे ते कुठल्या कागदात आहे किंवा कुणी सांगितले, आणि ते कितपत पक्के वाटते. घरची ऐकीव माहितीही लिहितो, पण ऐकीव म्हणून.

शिरगणतीकडून फार अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडे पहिली शिरगणती १८७२ ची, पण तिच्यातून आकडे उरले, घरोघरच्या याद्या उरल्या नाहीत. इंग्रजांच्या गॅझेटियरात, साताऱ्याचा खंड १८८५ चा आहे, आपल्यासारख्यांचा समाज म्हणून परिचय सापडतो. दख्खनच्या खंडांत अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी अशी धंद्यानुसार वर्णने आहेत. ती साहेबाच्या नजरेतली आहेत. आपला माणूस त्यात नावाने नसतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

१८७६ साली पाऊस गेला आणि दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. तो १८७८ पर्यंत चालला. माण-खटाव तर आधीच कोरडा. सरकारने खडी फोडायची, रस्त्यांची, तलावांची कामे काढली. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव त्या काळातला आहे. माझ्या अब्बांच्या फुफीदादी सांगायच्या की मोठे मुलाणी त्या दुष्काळात कामावर गेले आणि पटकीने गेले. दुष्काळानंतरच्या पत्रकात त्यांचे नाव कमी झालेले आहे. इथपर्यंत ऐकीव आणि कागद एकमेकांना धरून आहेत.

त्यांच्या जागी कोणाचे नाव आले असेल असे तुम्हाला वाटते? मी मोठ्या मुलाचे नाव शोधत होतो. तिथे बाईचे नाव होते. नाव, 'कोम', आणि खापरपणजोबांचे नाव. आमच्या घरात तिचे नाव कुणालाही ठाऊक नव्हते. घोडेस्वाराच्या गोष्टीत ती कुठेच नव्हती.

तिच्या नावाची एक जबानी तालुक्याच्या दप्तरात मिळाली. मोडी नीट लागेना म्हणून एका निवृत्त शिक्षकांनी ओळ न् ओळ वाचून दिली. तिचा दीर म्हणत होता की मुलाणकीची चाकरी बाईला करता येत नाही, म्हणून जमीन माझ्या नावे करा. तिचे म्हणणे असे होते की चाकरी दिराने करावी, तिचा मोबदला त्याला मिळावा, पण मुले लहान आहेत तोवर जमीन तिच्या हाताखाली राहावी. इनामाखेरीज सारा भरून कसायचे घरचे एक रानही होते, त्याचाही उल्लेख आहे. आणि पोटी किती लेकरे, असे विचारल्यावर तिने दोन मुलगे आणि तीन मुली असे सांगितले आहे. खाली सही नाही. लिहिणाऱ्या कारकुनाने तिच्या नावापुढे निशाणी काढली आहे, बांगडीची. तेव्हा निरक्षरांची अशी निशाणी काढायची पद्धत होती, कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी. ज्या बाईने नुकत्याच बांगड्या उतरवल्या होत्या तिची खूण म्हणून कागदावर बांगडीच राहिली.

जमीन तिच्याकडे राहिली. पुढचा कागद थेट विसाव्या शतकातला, आमच्या खात्याचा पहिला फेरफार. त्यात दोन मुलगे आहेत. आई नाही, ते समजू शकतो, ती वारली असेल. पण मुली? आईने सरकारी कारकुनापुढे तीन मुली मोजल्या होत्या. पुढच्या रजिस्टरात एकही नाही.

मी त्या तिघींच्या मागे लागलो. जमिनीच्या कागदांत काहीच मिळेना. मिळाले ते काझींच्या घरी. कसब्यातल्या जुन्या काझी घराण्याकडे निकाहची वही जपून ठेवलेली होती. निकाहच्या नोंदीत नवरीचे नाव लिहावेच लागते, तिच्या बापाचे, मेहरची रक्कम, वकील आणि गवाह. तिथे थोरली सापडली, बापाच्या नावासकट. दुसरी सापडली ती म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यातून. विट्याकडच्या एका घराशी आमचा येण्याजाण्याचा संबंध आहे, आणि का आहे हे पुरुषांना माहीत नव्हते. बायकांना माहीत होते, आमची मुलगी तिकडे दिलेली होती. धाकटीचा रकाना माझ्या तक्त्यात अजून कोराच आहे.

म्हणून शोध घ्यायला निघालात तर हे लक्षात ठेवा. पुरुष जमिनीच्या कागदात सापडतात. बायका निकाहच्या वहीत आणि बायकांच्या आठवणीत सापडतात. घरातल्या दादी-नानी-फुफी हयात असतील तर तहसीलदाराकडे जायच्या आधी त्यांच्याकडे जा.

आता थोडा हिशेब करू. सूरे निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिलेले आहेत, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी बाईला मालमत्तेत हिस्सा दिला, हे वाक्य मीही अनेक सभांत ऐकले आहे. तर ते इथे लावून बघू. चाकरीची जमीन बाजूला ठेवा, ती कामाशी बांधलेली होती. घरचे जे रान होते ते सोळा आणे धरा. मुले असताना विधवेचा आठवा हिस्सा, म्हणजे दोन आणे. उरले चौदा आणे. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे दोन मुलगे आणि तीन मुली मिळून सात वाटे. एक वाटा दोन आण्यांचा. प्रत्येक मुलाला चार आणे, प्रत्येक मुलीला दोन आणे. बेरीज करा. दोन मुलांचे आठ आणे. आई आणि तीन मुलींचेही आठ आणे.

त्या रानातला अर्धा हिस्सा बायकांचा होता. फेरफारात सोळाच्या सोळा आणे पुरुषांच्या नावे आहेत.

हे कसे झाले? कायद्याने हात दिला हे खरे आहे. वंशपरंपरागत वतनांच्या १८७४ च्या कायद्यात १८८६ साली दुरुस्ती झाली आणि शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली तर घरातल्या सगळ्या बायका आणि त्यांच्याकडून येणारे वारस पुरुषांच्या मागे ढकलले गेले. तो पाटील-कुलकर्ण्यांसारख्या वतनांचा कायदा, पण गावात रीत म्हणून तेच वळण सगळीकडे पडले. पुढे १९३७ साली शरियत कायदा आला. मुसलमानांना वारशाच्या बाबतीत रूढी नको, शरियत लागू व्हावी, हा त्याचा हेतू. पण त्यातून शेतजमीन वगळली गेली. म्हणजे खेड्यातल्या मुसलमानाकडे जी एकमेव मालमत्ता असायची, तिच्याच बाबतीत मुलींचा हिस्सा कायद्याबाहेर राहिला.

पण सगळे कायद्यावर ढकलू नका. मुलींना त्यांचे दोन-दोन आणे द्यायला भावांना कोणत्याही कायद्याने बंदी केलेली नव्हती. आमच्या खात्यावर पुढे थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' असे लिहिलेले आहे, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही कल्पना हिंदू एकत्र कुटुंबाची, शरियतमध्ये ती नाही. निकाह, तलाक, पोशाख यांबाबत आमचे काय आणि त्यांचे काय यावर आपण केवढे वाद घालतो! बहिणीला जमीन न देण्याच्या बाबतीत मात्र शेजारच्या पाटलाची रीत आम्ही बिनतक्रार उचलली, आणि तिच्याविरुद्ध कोणाचाही फतवा निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता आजच्यावर येतो. माझ्या दादांच्या नावावरची जमीन त्यांच्या इंतकालानंतर तशीच पडून होती, वारसनोंद राहिलेली होती. मागच्या वर्षी ती करायची ठरली. तलाठी कार्यालयात वारसांची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. अब्बा, दोन चाचा आणि तीन फुफी. घरात पहिली सूचना अशी आली की फुफींकडून हक्कसोड करून घेऊ, सगळेच करतात. कागदावर त्याची भाषाही ठरलेली असते, बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडला. मी किती फेरफार वाचले त्यांत किती बहिणी राजीखुशीने बाहेर पडल्या याची मोजदाद मी सोडून दिली आहे. मुलगे एवढे राजीखुशीने कधीच बाहेर पडत नाहीत.

त्या दिवशी मी अब्बांपुढे दोन कागद ठेवले. एक खापरपणजीची जबानी, बांगडीच्या निशाणीची. दुसरा पहिला फेरफार. अब्बा पाच वेळचे नमाजी आहेत, बोलतात कमी. त्यांनी दोन्ही कागद बराच वेळ बघितले आणि विचारले, त्या तिघींची नावे काय होती? मी दोन सांगितली. तिसरी माहीत नाही म्हणालो. मग ते म्हणाले की आपल्या तिघींची नावे तरी माहीत असू देत, लिही.

तिन्ही फुफींची नावे लागली. धाकट्या फुफीने फोनवर सांगितले की मला जमीन कसायची नाही, तुम्हीच कसा, पण माझे नाव राहू दे. एका चाचांनी आमच्याकडे येणे बंद केले आहे. ईदलाही आले नाहीत. इन्साफ केला की घरात सगळे आनंदी होतात असे मी तुम्हाला सांगणार नाही.

शेवटी, एक प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो, तो तुम्ही विचारण्याआधी मीच घेतो. हे सगळे कागद गोळा करून ठेवावेत का, उद्या कुणी मागितले तर? ही भीती खोटी नाही, मी तिची चेष्टा करणार नाही. कागद मागणे नवीनही नाही. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनने दख्खनमधल्या इनामदारांना हेच विचारले होते, जमीन कुणी दिली, सनद कुठे आहे. तेव्हा ब्राह्मण, मराठा, मुसलमान सगळेच कागद शोधत फिरत होते. आपले दाखले, सातबारे, जन्मनोंदी नीट लावून ठेवाव्यात. जातीच्या दाखल्यासाठीही ते लागतात. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आपल्या अनेक आजोबांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग पिंजारी, तांबोळी, मोमीन असल्याचा जुना कागद मुलाचे शिक्षण वाचवतो. घोडेस्वाराची गोष्ट तिथे उपयोगी पडत नाही, धंद्याची नोंद पडते.

पण नुसत्या भीतीने शोधलेत तर तुम्हाला हवे तेवढेच दिसेल, बापाचे नाव, गाव आणि साल. मी तसा शोधत असतो तर खापरपणजीचे पान उलटून पुढे गेलो असतो. मी या मातीतला आहे हे सिद्ध करायला मला तिची गरज नव्हती. या मातीत आम्ही कसे वागलो, हे मात्र तिच्यामुळे कळले.

तुम्हाला एक काम देऊन थांबतो. घरी गेल्यावर एका कागदावर वंशावळ काढा, पण प्रत्येक पिढीत मुलींचे रकाने आधी भरा. जिथे नाव माहीत नाही तिथे रकाना खोडू नका, कोरा ठेवा. आणि घरात वारसनोंद राहिली असेल तर ती करताना तलाठ्याकडे दिली जाणारी वंशावळ एकदा स्वतः वाचा. शंभर वर्षांनी कुणीतरी आपले फेरफार उघडेल, तेव्हा त्याला आपल्या बहिणी शोधत काझींच्या घरी जावे लागू नये.